पोस्टरवरची बाजेवाली

आबा, मी बोलतेय आणि सून फोनवर लिहून घेतेय. मधेच एखादं वाक्य फार शहाणं वाटलं, तर ते तिचं समजा.

तुम्ही लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचात. मुलगा तयार व्हावा म्हणून माझ्या धाकट्या भावाला तोंडाने वाजवायचा बाजा, माउथ ऑर्गन, आणलात. त्याला लगेच कंटाळा आला. मी तो घेऊन गोठ्यामागे बसायची. फुंकला की आवाज थेट ओसरीवर जातो, तुम्ही खाकरता. म्हणून मी श्वास आत ओढून वाजवायला लागले. दबलेला, जरा रडका सूर निघायचा, अर्धा माझ्या पोटातच राहायचा. तरी एकदा तुम्ही मागे येऊन उभे. मारलं नाहीत. म्हणालात, "मला बँडवाला म्हणून शेवटच्या पंगतीला बसवतात. तुला बाजेवाली म्हणतील, ते मला ऐकवणार नाही." आणि बाजा चुलीत घातलात.

लग्नानंतर जत्रेत मी दुसरा घेतला. नवऱ्याला म्हटलं, पोरासाठी आहे.

मग नात सांभाळायला इकडे परदेशात, वेरिबीला मुलाकडे आले. पार्कात ती झोक्यावर, मी बाकावर बाजा घेऊन. एक दाढीवाला गोरा म्हातारा कुत्र्यासकट थांबला आणि काहीबाही बोलायला लागला. सून बरोबर होती, म्हणाली, हा सांगतोय असल्या रडक्या संगीताला ब्लूज म्हणतात, यात फुंकण्यापेक्षा ओढणं जास्त, लोकांना ते जमायला वर्षं जातात, तुम्ही कुणाकडे शिकलात? मी म्हटलं, सांग त्याला, बापाच्या धाकाने.

तेव्हापासून दर गुरुवारी आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, मी त्याच्या मंडळींबरोबर पबमध्ये वाजवते. कवळी घट्ट बसवते आणि लेमनेड पिते, हे सुनेने ठळक लिहावं. सगळे मला 'आजी' म्हणतात. त्यांना वाटतं, ते माझं नाव आहे.

आता शनिवारी मोठा कार्यक्रम आहे आणि पोस्टरवर माझा फोटो छापायचाय. मुलगा म्हणाला, "आई, वाजव हवं तर, पण फोटो कशाला? आपली माणसं बघतील. पबात वाजवते म्हणतील." कपाळावरची आठी हुबेहूब तुमची. मी म्हटलं, "मग काय खोटं म्हणतील?" कालपासून तो बोलत नाहीये. डबा मात्र माझ्याच हातचा नेला.

आबा, तुम्हाला शेवटी बसवणारे चुकले होते. त्यांची लाज माझ्या पदरात का घातलीत? म्हणू देत बाजेवाली. आहेच मी. फोटो सुनेने सकाळीच पाठवला, आणि शनिवारी मी जाणार म्हणजे जाणार.

सून विचारतेय, हे कुठे पाठवायचं. राहू दे म्हटलं फोनमध्येच. तुम्ही जिवंत असतात तर पाठवण्याचं काय, सांगायचंही धाडस झालं नसतं मला. गुपचूप गेले असते.