लिफ्ट न देणाऱ्या टेकड्या

टेकडवाडी, मांजरसुंब्याजवळ
९ फेब्रुवारी २०२५

ती. अक्काच्या पायांवर विठ्ठलचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत न्हाई, अन् मला सांगायचंय ते बोंबलून सांगण्यासारखं न्हाई, म्हणून पत्र. गेल्या महिन्यात मी मुंबईला मीटिंगला गेलतो असं सगळ्यांना सांगितलं, तुलाबी. खरं म्हणजे मी संभाजीनगरला दवाखान्यात होतो. छातीत कळ आली, काळजाच्या नळ्यांत दोन जाळ्या बसवल्या. घाबरू नको, आता बरा हाय. हे फक्त तुझ्या भावजयीला, छबूला, अन् ड्रायव्हर सटवाला ठाऊक हाय. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर, अन् रामेश्वर माझ्याविरुद्ध उभा. त्याला कळलं तर तो मी जिवंत असतानाच घरोघर माझ्या शोकसभा घेत फिरंल.

डॉक्टरनं बजावलंय, रोज तासभर चाला, न्हाईतर पुन्हा इथंच याल, अन् पुढच्या वेळी घरी जाल याची हमी न्हाई. मला वाटलं, चालायला काय लागतंय? अक्का, लई लागतंय. कडक इस्त्रीचे कपडे घालून निघालो तर वेशीपाशीच मोटारसायकल थांबली. नको म्हणावं तर पोरगा रुसंल, अन् त्याच्या घरात मतं लई. बसलो. मांजरसुंब्याला उतरून चालत माघारी फिरलो तर जीप थांबली. घरी आलो तवा चपला जशाच्या तशा स्वच्छ. संध्याकाळी ढाब्यांवर चर्चा सुरू, मालकांनी स्कॉर्पिओ विकली म्हणं, पायी हिंडतेत. दुसऱ्या दिवशी रामेश्वर सांत्वनाला आला, दोन कप चहा प्याला अन् जाताना म्हणाला, दिवस फिरत असतेत, धीर धरा.

तवापासून चालणं बंद. छबूला सांगतो की शेतात चालतो. खरं तर गाडीत बसून बांधावर जातो अन् सटवासंगं शेंगा फोडत बसतो. तू रागवू नको. लोभ हाय तसाच ठेव.

तुझा,
विठू


कडा
१७ फेब्रुवारी

चि. विठूस अनेक आशीर्वाद, आणि कान पिरगाळला आहे असं समज.

पत्र वाचून आधी रडले. मग असा संताप आला की ताटात वाढलेली भाकरी तशीच राहिली. सख्ख्या बहिणीला मुंबई सांगतोस? आई-दादा गेले. माहेर म्हणून मला आता तूच उरलास. तू गेलास तर नागपंचमीला मी कुणाच्या दारात उतरू? रामेश्वरच्या? आणि शेंगा कसल्या फोडतोस मेल्या, त्या तेलकट शेंगा तुला मना केल्या असतील ना!

चाळीस वर्षं बिगरीची पोरं सांभाळली, तुला सांभाळणं त्याहून अवघड नाही. रस्त्यावर चालता येत नसेल तर डोंगरावर चाल. टेकडीवर कुणी लिफ्ट देत नाही. माझी नात आरोही पुण्याहून दर रविवारी हेच करते. जमेल तिथवर सायकल चालवते, पुढं सायकल झाडाला टेकवते आणि पायी माथा गाठते. तिला मोठे गड नकोत, ठेंगणे डोंगर आवडतात. म्हणते, त्यांच्यावर धाप लागते पण मिजास चढत नाही. तुला नेमकं तेच औषध हवं आहे. तिची जुनी गिअरची सायकल टेम्पोनं पाठवते आहे. पायथ्यापर्यंत सायकल, पुढं पायी, हळू. जिभेखालची गोळी खिशात हवी आणि सटवा पायथ्याशी हवा.

लहानपणी म्हसोबाच्या टेकडीवर मी तुला पाठुंगळी घेऊन चढले होते, आठवतं? वर गेल्यावर तू खालीच येईनास. आता माझ्या गुडघ्यांना उंबरा ओलांडतानाही विचार करावा लागतो. म्हणून प्रत्येक माथ्यावरून काय दिसलं ते मला लिहायचं. फोटो पाठवू नकोस, त्यात वारा लागत नाही. छबूस आशीर्वाद, आणि तिला खरं सांग.

तुझी,
अक्का


टेकडवाडी
१६ मार्च

ती. अक्कास विठ्ठलचा दंडवत.

तुझं औषध लागू पडलं. पहिल्या दिवशी त्या सायकलीचा कोणता गिअर कशाचा ते कळंना, चढावर पाय गरगर फिरायले अन् सायकल जागेवरच. सटवा पाठीमागून गाडी घेऊन येत होता, तो हसून हसून बाभळीत घुसला. आता जमतंय. पाठीमागं एक कॅरिअरबी बसवून घेतलंय, पाण्याची बाटली अन् उपरणं ठेवायला.

म्हसोबाच्या टेकडीवरून काय दिसतंय ते लिहितो. पूर्वेला पळस असा फुललाय की वणवा पेटला वाटंल. खाली आपलं तळं, अर्धं आटलेलं. सीताफळीची झुडपं वाळलेली, त्यांच्यातून मोर पळतेत. पलीकडच्या डोंगरांवर पवनचक्क्या, काही फिरत्या, काही उगंच उभ्या. कड्याकडं पाहिलं, पण धुरकट होतं, तू काही दिसली न्हाईस. मी वर लई वेळ बसलो. इतक्या वर्षांत मी आपलं गाव मतदार यादीतच पाहिलंय. वरून ते लई बारकं अन् गोड दिसतंय, अक्का.

पण गाव मला सुखानं बसू देतंय व्हय? रोज नव्या टेकडीवर पुढारी जातोय, कपाळावर हात धरून चौफेर बघतोय, म्हणजे काय? तर पवनचक्कीची कंपनी येणार, अन् मालक जागा हेरतेत! ज्या माळाला शेळीबी नाक मुरडायची त्याचे धनी घरी पेढे घेऊन येतेत. मी न्हाई म्हणलं की डोळा मारतेत. रामेश्वरनं तर नवे बूट घेतलेत. मी सकाळी जी टेकडी चढतो ती तो दुपारच्या उन्हात चढतो, अन् वर जाऊन माझ्यासारखाच कपाळावर हात धरतो म्हणं.

खरं सांगू? मला बरंच वाटतंय. आजारी म्हणण्यापेक्षा कंपनीवाला म्हणलेलं काय वाईट? तुझी सावली डोक्यावर असू दे.

विठू


कडा
२४ मार्च

चि. विठूस आशीर्वाद.

पळसाचं वाचून जीव सुखावला. दोनदा वाचलं, शेजारणीला एकदा वाचून दाखवलं. पुढचं मात्र तिला दाखवलं नाही, लाज वाटली.

बरं वाटतंय म्हणे! तुझ्या मौनापायी एक माणूस भर उन्हात डोंगर चढतो आहे. रामेश्वर तुझ्याच वर्गातला, काही कोवळा पोरगा नाही. त्याला काही झालं तर ते तुझ्या त्या पेढ्यांनी भरून निघेल का? गावासमोर उभा राहा आणि सरळ सांग की काळीज दुरुस्त केलंय, म्हणून चालतो. मतं जातील तर जाऊ देत. मला भाऊ हवा आहे, सभापती नको. हे करेपर्यंत मला पत्र पाठवू नकोस. आलं तर न फोडता परत करीन.

अक्का


टेकडवाडी
२१ एप्रिल

ती. अक्काच्या पायांवर डोकं ठेवतो.

हे पत्र फोड, मी सांगितलं, असं पाकिटावरबी लिहिलंय. पाडव्याला पारावर सगळं गाव जमलतं. मी उभा राहिलो अन् म्हणलं, कंपनी न्हाई, पवनचक्की न्हाई, माझ्या काळजात जाळ्या हायत, डॉक्टरनं चालायला सांगितलंय. मग कुणीतरी टाळी वाजवली अन् सगळा पार हसायला लागला. म्हणले, मालक काय पक्के हायत, शेवटपर्यंत पत्ते उघडत न्हाईत! मी खिशातली गोळी काढून दाखवली. तीबी पेपरमिंटची हाय म्हणले. अक्का, तीस वर्षं राजकारणात मी जे जे खोटं बोललो त्याच्यावर ह्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला. एकदा खरं बोललो तर माझंच हसं झालं.

सगळ्यात जास्त हसला तो रामेश्वर. अन् दुसऱ्याच दिवशी माझ्या आधी पोचायचं म्हणून पहाटेच म्हसोबाची टेकडी चढला. मी वर गेलो तर म्हसोबाच्या दगडाला पाठ लावून बसलेला, घामानं थबथबलेला, छातीवर मूठ. मला बघून म्हणतोय, दमलोय जरा, तुमी जा. ती मूठ मी ओळखली. माझीबी तशीच होती. गोळी त्याच्या जिभेखाली सारली, सटवाला वर बोलावलं, अन् दोघांनी मिळून त्याला खाली आणला. वाटेत तो माझ्या खांद्यावर पडून रडत होता. मीबी रडत होतो. दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर ओरडले, विचारल्याबिगर दुसऱ्याला गोळी द्यायची न्हाई म्हणून. पण माणूस वाचला. त्यालाबी जाळ्या बसवल्या. गावात सांगितलंय, तो कुलदैवताला गेलाय.

गेल्या आठवड्यात माघारी आला. डॉक्टरनं त्यालाबी चालायला सांगितलंय. अन् रस्त्यानं चालायची त्यालाबी चोरी! पहाटे उपरण्यानं तोंड झाकून माझ्या दारात उभा. आता दोघं संगं चढतो, सायकल वरपर्यंत हातानं नेतो, तो तिला धरून चालतो. चढताना भांडतो, वर बसल्यावर एकाच बाटलीतलं पाणी पितो. निवडणूक पुन्हा लांबलीय. गावाचा मात्र पक्का हिशेब झालाय. दोन दुश्मन पहाटे एका टेकडीवर जातेत, म्हणजे कंपनीत निम्मी-निम्मी भागीदारी ठरली.

अक्का, आता तरी बोल माझ्याशी.

तुझा,
विठू


कडा
३० एप्रिल

चि. विठूस, आणि हे पत्र तो तुझ्या खांद्यावरून वाचत असेल तर चि. रामेश्वरासही, अनेक आशीर्वाद.

गाव विश्वास ठेवो न ठेवो, माझा बसला. तू पारावर उभा राहून सांगितलंस, यातच मला सगळं मिळालं. रामेश्वरला सांग की वर्गात तो तुझ्या पाटीवर पाणी सांडायचा, ते मी विसरले नाही. गोळी वेळेवर घे म्हणावं.

आता पंचमीचं. मी येणार. दारात नुसतं उतरून झोका बघत बसायला नाही. तोवर पाऊस झाला असेल, टेकड्या हिरव्या असतील, आणि तुझ्या पत्रांनी मला वेड लावलंय. त्या सायकलीला कॅरिअर बसवलंस ते फार चांगलं केलंस. त्यावर उशी बांध. मला म्हसोबाच्या टेकडीवर जायचं आहे. एकदा मी तुला नेलं होतं, आता तू मला ने. चढ असेल तिथं तू पुढून ओढ, रामेश्वर मागून ढकलेल. दोघांच्या डॉक्टरांना आधी विचारा. ते नको म्हणाले तर सटवा ढकलेल आणि तुम्ही दोघं बाजूनं नुसते चाला.

गाव बघेल म्हणून काळजी करू नकोस. बघू दे की. म्हणतील, तिसरी भागीदारीण कड्याहून आली.

वाट पाहणारी,
अक्का