ह्यांच्या मागे वीस पावलांवर

ती. स्व. ताईस,

धाप ओसरल्यावर केलेला साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे (म्हणजे दोघेच) ठीक. तुझी कंबर कशी आहे? शाळेत मुलींना कवायत शिकवणाऱ्या बाईची कंबर दुखते यावर माझा विश्वास नाही, तरी काळजी घे. माझ्या साखरेबद्दल मात्र विचारू नकोस. डॉक्टरांच्या दवाखान्याखालीच तपासणीची लॅब आहे, आणि दोघांचं आडनाव एक. विमा कंपनीत सोळा वर्षं दावे तपासल्यावर अशा कागदाला मी रिपोर्ट म्हणत नाही.

पत्राचं कारण वेगळंच आहे, आणि ते तुलाच सांगता येईल. दोन महिन्यांपूर्वी हे पळायला लागले. कोपऱ्यावरून पाव आणायला स्कूटर काढणारा माणूस सकाळी सहाला बूट घालून बाहेर, आणि परत येताना गुणगुणत (बेसूर, पण गुणगुणत). कुठेतरी पाणी मुरत होतं. बावीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं, त्यामुळे खोटं कशाला सांगू, मी घाबरले. अन्न गोड लागेना. मग मी रीतसर फाइल उघडली.

पुरावे भराभर सापडले. पळायला नव्याने लागणाऱ्यांसाठीचं वाचनालयातलं पुस्तक, टेबलावर उघडंच. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आठ आठवड्यांचा तक्ता : एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. ह्यांच्या फोनवर व्यायामाचे व्हिडिओ. (त्यातली बाई बैठका मारताना हसते. बैठका मारताना हसणारं माणूस काहीतरी लपवत असतं.) तक्त्यावर लाल पेनाने लिहिलेलं, ‘डावा गुडघा जपा’. आता ह्यांचे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत. डावा दुखतो तो माझा. हे कोणा दुखऱ्या गुडघ्याच्या बाईला पळायला शिकवताहेत, असा निष्कर्ष काढून मी वहीत तारखेसकट नोंदवला.

पाळत ठेवायची तर मागे पळायला हवं. पहिल्या दिवशी मी दुसऱ्याच विजेच्या खांबाला मिठी मारून उभी राहिले. तेव्हा ह्यांचाच तक्ता चोरून उतरवून घेतला, ह्यांचंच पुस्तक वाचलं, आणि ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये कपाटांच्या आड बैठका मारल्या. (शिपायाने विचारलं, काही पडलंय का बाई? मी म्हटलं, हो, टाचणी. बिचारा अर्धा तास शोधत होता.) इकडे हे हातीही लागेनात आणि नजरेआडही होईनात. दर वळणावर वाकून नाडी बांधायचे, मी वीस पावलांवर पोचले की उठायचे. ज्याला धड नाडी बांधता येत नाही तो भानगड काय निभावणार, असं एकदा मनात आलं, पण संशय मागे घेतला नाही.

काल मात्र पूर्ण अर्धा तास मी न थांबता पळाले, थेट बागेपर्यंत. हे बाकावर बसले, मी झाडाआड. ह्यांनी फोन लावला. आता नाव कळणार म्हणून मी श्वास रोखला (जो मुळात उरलाच नव्हता).

“ताई, आज अजिबात न थांबता आली,” हे म्हणाले. “नाही, घरी नाही, झाडामागे आहे. गुडघाही बरा दिसतोय.”

तू, ताई? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरांचं ऐकत नाही म्हणून सख्ख्या बहिणीने नवऱ्याला फितवावं? मी तिथेच रडायला लागले. सुरुवात रागाने केली होती, पण मग आठवलं, की हा माणूस दोन महिने माझ्यासाठी बांधलेल्या नाड्या पुन्हा बांधत होता, आणि मी त्याच्यावर फाइल उघडली होती. ती आज सकाळी फाडून टाकली.

तुझ्यावर तूर्त चिडलेली,
धाकटी

ता. क. मला सगळं कळलंय, हे ह्यांना कळू देऊ नकोस. उद्याही मी पाळतीवर जाणार आहे.

आणखी एक ता. क. खरं काम हे. मागून मला जे दिसतं ते ह्यांना दिसत नाही. बागेकडच्या चढावर ह्यांना माझ्याहून जास्त धाप लागते. गेला आठवडाभर तिथे मीच मुद्दाम हळू पळतेय. डॉक्टरांचं नाव काढलं की हसण्यावारी नेतात. तेव्हा पन्नाशीच्या पुरुषाला झेपतील असे व्यायाम बघून पाठव, आणि गोडीगोडीने तपासणी करून घ्यायला लाव. माझं नाव मात्र घेऊ नकोस. फार संशयी स्वभाव आहे ह्यांचा.