गुहागरपर्यंत खंबीर

मुरूड,
६ जानेवारी २०२६

ती. शकूताईस,
सा. न. वि. वि.

पोचलो एकदाचे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरच्या अक्षरांनी तुझ्या डोळ्यांना पाणी येतं, तेव्हा आपला कागदच बरा. पनवेल गाडीवरची कंडक्टर प्राजक्ता माझ्याच हाताखाली शिकलेली. ती हे पाकीट घरी टाकेल. उत्तरही तिच्याकडे दे. पुढच्या प्रत्येक आगारात आपलं कुणी ना कुणी आहेच, पत्र बरोबर येईल.

पळस्प्याला वळेपर्यंतच पाऊण तास गेला. लोक काचा खाली करून बघत होते. जीपच्या मागे चाकांवरचं पांढरं घर, त्याला खिडक्या, खिडक्यांना माझ्या जुन्या साडीचे पडदे. यांनी आगाराच्या वर्कशॉपात आयुष्यभर एसटीच्या बॉड्या ठोकल्या आणि रिटायर झाल्यावर चार वर्षं अंगणात ही ठोकली. किनाऱ्या-किनाऱ्यानं वेंगुर्ल्यापर्यंत नेतो म्हणायचे. गाडी तयार झाली, आणि मागल्या दिवाळीआधी तेच गेले. आता रुचिरानं महिन्याची रजा काढून मला बाहेर काढलंय. बाबांची इच्छा पुरी करू म्हणते.

खरं सांगू? मला कुठे जायचं नव्हतं. एकतीस वर्षं धावत्या गाडीत उभी राहिले. आता रस्ता दिसला की पाय आधी दुखतात. डावा गुडघा तर रात्रभर ठणकतो.

पण एक गोष्ट तुलाच सांगते. निघायच्या आदल्या दिवशी पोरीच्या पिशवीत चार्जर शोधताना जर्मनीच्या एका इस्पितळाचं पत्र हाती लागलं. तिला तीन वर्षांसाठी नर्स म्हणून बोलावलंय. होकार ३१ जानेवारीच्या आत कळवायचाय. दोन वर्षं दर रविवारी ट्रेनिंग आहे म्हणून वाशीला जायची ना, ती भाषा शिकायला जात होती. मला एका शब्दानं बोललेली नाही. का, ते मला कळतं. आईला एकटी कशी टाकू, हेच तिच्या मनात असणार. म्हणून मी ठरवलंय, हा महिनाभर कण्हायचं नाही. आई एकटी राहू शकते हे तिला दिसलं की ती आपसूक जाईल. तू मात्र तिच्यापाशी काही बोलू नकोस, तुला माझी शपथ आहे.

आपट्याचं घर बंद ठेवून महिनाभर आमचं घर राखायला आली आहेस, तर तुळशीलाही पाणी घाल. माझी काळजी करू नकोस, पण अगदी सोडूही नकोस.

तुझी,
मनी

•

श्रीवर्धन,
१० जानेवारी २०२६

ती. शकूमावशीस,
शि. सा. न.

आई वाळूत फिरायला गेली आहे, तेवढ्यात लिहिते. सकाळी सहाला उठून चहा करते, डबे घासते, एक हंडा पाणी आणते आणि मग मला उठवते. मी दिवसभर गाडी चालवून मोडून जाते आणि ही साठीची बाई चालायला निघते! दिघीला जाणाऱ्या बोटीत गाडी चढवायची, तर हिनं मागे उभं राहून अख्ख्या रांगेला शिस्त लावली. बोटीवरच्या माणसांनी तिला सलाम ठोकला.

मावशी, मी फार थकले आहे. गाडीनं नाही. मला जर्मनीत नोकरी मिळाली आहे. महिनाअखेर कळवायचंय. आईला सांगायचं ठरवून मी ही सहल काढली. वाटलं होतं, चोवीस तास एकत्र असलो की कधीतरी ती म्हणेल, तू आहेस म्हणून बरं आहे. तेवढ्यावर मी विषय काढणार होते. पण ती रोज ऐकवते की माणसानं एकटं राहायला शिकावं, घरात कुणी नसलं की कसं शांत असतं. बाबा गेल्यापासून मी जमतील तेवढ्या नाइट ड्यूट्या बदलून घेतल्या, लग्नाची स्थळं पुढे ढकलली, ते कुणासाठी? तिला माझी गरज नाही हे तिच्या तोंडून रोज ऐकते आणि जेवण जात नाही.

तू तिला काही कळवू नकोस. वचन दे. मी तुझ्याशीच बोलू शकते.

तुझी थकलेली,
रुचिरा

•

पनवेल,
१३ जानेवारी २०२६

चि. मनीस,
अ. उ. आ.

प्राजक्ता पाकीट देऊन गेली. जेवायला थांब म्हटलं तर गाडी सुटेल म्हणून पळाली. तुम्हा कंडक्टरणींना पोट नसतंच बहुतेक.

इथे सगळं ठीक. तुळस हिरवीगार आहे. डोक्यावरून विमानं जातात म्हणून अख्खी आळी वैतागली आहे, मी एकटीच सुखात झोपते. उरणची चिंगी पापलेट घेऊन आली होती. तुझा पत्ता विचारत होती. कानाशी तोंड आणून ओरडली की तुजी भैन येडी हाय काय, घर सोरून घर वढत फिरतेय. मी म्हटलं, हाय थोडी. आपट्याच्या नदीत पोहताना पाय मुरगळला तेव्हाही तू बाबांना पत्ता लागू दिला नव्हतास. आठ दिवस लंगडी खेळतेय असं दाखवत फिरलीस. ती खोड अजून जिरलेली नाही.

मनी, मी शपथ मोडत नाही. पण एवढं सांगते, पोरीला काय दाखवायचं ते तू ठरवलंस, तिला काय बघायचंय ते विचारलंस का? तुझं तेल कपाटात राहिलं होतं. प्राजक्ताबरोबर पाठवते आहे. गुडघ्याला लाव. लपून लाव हवं तर, पण लाव.

लोभ आहेच तुझा, तो वाढला तरी माझी हरकत नाही.

तुझी ताई,
शकू

•

गुहागर,
१८ जानेवारी २०२६

ती. मावशीस,
शि. सा. न.

घाबरू नकोस, आई ठीक आहे. म्हणजे हाडं ठीक आहेत.

काल संध्याकाळी एका वाडीत गाडी लावायची होती. गल्ली इतकी अरुंद की मला आरशात नुसतं बाबांचं पांढरं घर दिसत होतं. आई मागे उभी होती. आमचं ठरलेलं आहे, तिच्या एसटीसारखंच. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे येऊ दे. मी हळूहळू मागे घेत होते. एक थाप आली, थांबले. मग लागोपाठ दोन थापा. मी गाडी सोडली आणि मागे दगड कोसळल्याचा आवाज झाला.

मावशी, त्या थापा नव्हत्याच. तिचा गुडघा गेला होता. पडू नये म्हणून तिनं पत्र्याला हात मारला, एकदा, दोनदा. गाडी मागे येते आहे हे बघून ती बाजूला कोसळली, आणि मी शेजारचा गडगा, रचलेल्या दगडांचं कुंपण, पाडला. ती दोन हात इकडे पडली असती तर काय झालं असतं, ते लिहवत नाही. मी नर्स आहे. पण तिला उचलायला मला जमेना, वाडीच्या मालकीणबाईंनीच तिला धरलं.

गुडघा नारळाएवढा सुजलाय. डॉक्टर म्हणाले की हे आजचं नाही, महिन्या-दोन महिन्यांचं आहे. चहाच्या डब्यात दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं सापडली, चार रिकामी. मी शेजारी झोपत होते आणि मला कळलं नाही. मी तिच्यावर इतकी ओरडले की वाडीतल्या बायका गोळा झाल्या. ती एवढंच म्हणाली की गडग्याचे दगड आपणच रचून द्यायला हवेत.

सकाळपासून मी तेच करते आहे, एकटीनं. हात सोलवटले आहेत. जर्मनीला नाही म्हणून कळवणार आहे. आईला सांगायचंही कारण उरलं नाही. मावशी, मला वाईटसुद्धा वाटत नाही, नुसती झोप येते आहे.

तुझी,
रुचिरा

•

पनवेल,
२१ जानेवारी २०२६

चि. मनी आणि चि. रुचिरा,
दोघींनाही अ. उ. आ.

हे पत्र रुचिरानं मोठ्यानं वाचावं आणि मनीनं मधे बोलू नये.

मला ऐकू येत नाही म्हणून सगळेच मला सांगून मोकळे होतात. पंधरा दिवस मी तुमची गुपितं सांभाळली. अन्न गोड लागेना. मनी पडल्याचं वाचलं आणि देवापाशी दिवा लावून त्याला सांगितलं, शपथा मोडतेय, काय ते पाप माझ्या नावावर लाव.

रुचिरा, तुझ्या आईला जर्मनीचं पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुला आलेलं इस्पितळाचं पत्र तिनं पाहिलं. तू जावंस म्हणून ती गोळ्या गिळून वाळू तुडवत होती. मनी, तुझी पोरगी तुझा धडधाकटपणा बघायला आली नव्हती. ती आहे म्हणून तुला बरं वाटतं, एवढं ऐकायला ती घर सोडल्यापासून तुझ्या तोंडाकडे बघतेय. आणि तू तिला एकटेपणाचे फायदे शिकवतेस!

जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी कुणाची बाजू घेत नाही, घ्यायचं वयही राहिलं नाही. पण आता एकमेकींशी खरं बोला. मी म्हातारी, तुम्हा दोघींचं ओझं मला झेपत नाही.

राग आला तर दोघींनी मिळून माझ्यावर काढा.

तुमची,
शकू

•

गुहागर,
२७ जानेवारी २०२६

ती. शकूताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र रुचिरानं वाचलं. मी मधे बोलले नाही. ती उठून गडग्याचे राहिलेले दगड लावायला गेली. मी काठी टेकत तिच्यामागे गेले, एका दगडावर बसले आणि तिला लहान दगड देत राहिले. हे गेल्यापासून आम्ही दोघींनी मिळून केलेलं हे पहिलंच काम असेल.

मग मी सांगितलं तिला. म्हटलं, तू जाऊ नकोस असं मला वाटतं. रिकाम्या घराची भीती वाटते. तुझ्या नाइट ड्यूटीला मी दिवा मालवत नाही. ताई, हे बोलताना मला लाजच वाटली. आयुष्यभर लोकांना पुढे चला, पुढे चला म्हणत आले आणि स्वतःच्या लेकीला थांब म्हणताना जीभ जड झाली.

ती माझ्या मांडीत डोकं घालून रडली. दुखऱ्या गुडघ्यावरच. रात्री जेवली, आणि दुसऱ्या दिवशी दहापर्यंत झोपली. उठली ती फोन घेऊन बसली. मला वाटलं, नकार कळवतेय. तर होकार पाठवत होती. मी बघतच राहिले. म्हणाली, आई, तुला माझी गरजच नाही असं वाटत असताना गेले असते तर ते जाणं नव्हतं, हाकलून दिल्यासारखं झालं असतं. थांब म्हणणारं कुणी आहे म्हटल्यावर तीन वर्षं जाऊन येता येतं. मी थांब म्हटल्यामुळे ती चालली आहे, हे कुणाला सांगून पटेल?

मला समजलं, आणि आवडलं नाही. दोन्ही खरं आहे. हसून निरोप देईन असं वचन मी तिला दिलेलं नाही.

वेंगुर्ला राहिलं. यांचं घर इथेच वाडीत ठेवतोय, मालकीणबाई कोंबड्या शिरू देणार नाही म्हणतात. परवा नुसत्या जीपनं परत येतो. गुडघ्याचं काय ते पनवेललाच बघू. तू आपट्याला जायची घाई करू नकोस. एप्रिलमध्ये ती गेल्यावर तर मुळीच नको.

आणि एक. तिकडे तिला तू पत्रं लिहिशीलच. त्यात आई मजेत आहे, खंबीर आहे असलं काही लिहू नकोस. आई वाट बघतेय, एवढंच लिही.

तुझीच,
मनी