इस्त्रीवालीचा गाल

२ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी इथे खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, बूट चावायचे थांबले. कलादालनात माझी बदली सातव्या दालनात झाली. काम तेच, खुर्चीवर बसायचं आणि लोकांना भिंतीपासून लांब ठेवायचं. जमिनीवर पिवळी पट्टी आहे. ती ओलांडली की घंटा वाजते आणि मला उठावं लागतं. काल एकोणीस वेळा उठलो.

आई, मावशीचं चित्र दुरुस्तीला उतरवलं होतं, ते परवा याच दालनात परत टांगलं. खाली नाव फक्त ‘इस्त्रीवाली’. बाह्या वर सरकवलेल्या, मागे पांढऱ्या चादरींचा ढीग. मनगट मावशीचं, कोपराचं हाड मावशीचं, उभं राहताना एक टाच उचलायची सवयही तिचीच. पण चेहरा तुझा आहे. घाईने लिहीत नाही, तीन दिवस रोज पाहिलं. कपाटातल्या फोटोत तू आहेस तशीच, डाव्या भुवईवरच्या तिळासकट. आणि डावा गाल स्वच्छ. मावशीचा इस्त्रीचा डाग कुठेच नाही.

हे कसं झालं? तिला इतक्यात काही सांगू नकोस. शब्द चुकले असतील तर खूण करून कळव.

काळजी करू नये, पण उत्तर लवकर द्यावं.
तुझा,
मोजपट्टी


७ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

मावशीने तुला हे नाव काही उगाच ठेवलेलं नाही. आईचा चेहरा ओळखायला तीन दिवस लागतात का रे?

मला माहीत आहे. तो चित्रकार लाँड्रीत अकरा दिवस बसला होता. दहा दिवस ती उभी राहिली. शेवटच्या दिवशी तिला मालकाने धुणं पोचवायला पाठवलं आणि मी तिचा डबा घेऊन गेले. त्याने मला अर्धा तास खिडकीशी बसवलं आणि कुणाला बोलू नकोस म्हणाला. मी बोलले नाही. तेव्हा तिची दया आली होती.

मग बत्तीस वर्षं मी ऐकलं. दूध उतू गेलं तरी ती म्हणणार की माझं तोंड देशाच्या भिंतीवर आहे, तुझं कुठे आहे? पाहुणे आले की चित्र, भांडण झालं की चित्र. आणि चित्र संपलं की डाग. मी पाच वर्षांची असताना चादर ओढली, वरची इस्त्री घसरली, मला ढकलताना ती तिच्या गालाला लागली. हे मी रोज ऐकते. मी तिला माझा गाल काढून देऊ का?

तिला तिकडे पाठवते. बघू दे तिचं तिलाच. हे पत्र तिला वाचून दाखवणार नाही, घाबरू नकोस. तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा पडलाय, घरातली सगळी पत्रं आता मीच वाचते.

अंगावर काढू नकोस, जपून राहा.
तुझी आई


११ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तिला पाठवू नकोस. दालनात रंगकाम चालू आहे, असं मी लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. पायऱ्या मात्र खरंच बेचाळीस आहेत. माझी खोली एकाच माणसापुरती आहे.

माझे शाळेचे कपडे तिने आठ वर्षं इस्त्री केले. आठवीत शाळा सुटली तेव्हा तू रागावलीस आणि ती शेवटचा शर्ट घडी घालून ठेवत राहिली. तिच्याजवळ ते चित्र सोडून काय आहे? तू तिला सांगितलं नाहीस ती बत्तीस वर्षं तशीच राहू दे.

राग नसावा, विनंती आहे.
तुझा,
मोजपट्टी


१५ मार्च

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं. तिने नवे कपडे शिवले, नवी चप्पल घेतली आणि गल्लीत एकही दार सोडलं नाही. भाजीवाला आता तिला चित्रवाल्या बाई म्हणतो. मला काय म्हणतो ते विचारू नकोस, तो मला पिशवी धरायला सांगतो.

तू फक्त तिला जवळ ने आणि विचार की हे नाक कुणाचं. तेवढंही होत नसेल तर गप्प उभा राहा, ते तुला छान जमतं.

पोचल्याचं कळव. माया आहेच.
तुझी आई


२४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मावशी पोचली आणि उद्या सकाळच्या गाडीने परत निघते आहे. चार दिवस राहणार होती. जे झालं ते क्रमाने लिहितो.

काय बोलायचं ते मी कागदावर लिहून पाठ केलं होतं. तिने माझ्या गणवेशाची बाही धरली होती. पट्टीशी उभी राहून तिने पाहिलं. तिला चादरींचा पांढरा ढीग दिसला, हात दिसले. माझं कोपर म्हणून ती हसली. चेहरा नुसता पुसट दिसतो म्हणाली. मला वाटलं, सुटलो.

मग नीट दिसावं म्हणून ती एक पाऊल पुढे गेली आणि घंटा वाजली. दारात मुकादम उभे होते. सगळे वळून पाहू लागले. मी तिला बाई, मागे व्हा म्हणालो. मावशी म्हणालो नाही.

ती मागे झाली. कानाशी येऊन तिने हळूच विचारलं की गालावरचा डाग दिसतो का. मी हेच पाठ केलं होतं. डाग आहे म्हटलं तर चेहरा आपलाच आहे अशी तिची खात्री पटेल, असा माझा हिशोब. मी म्हणालो, हो, हुबेहूब आहे. तिने विचारलं, नक्की? मी म्हणालो, तीन बोटं लांब, टोक कानाकडे, कडेला लालसर.

तिने बाही सोडली आणि बाहेरचं दार कुठे म्हणून विचारलं.

बाहेर बाकावर बसल्यावर तिने सांगितलं. दहाव्या दिवशी चित्रकाराने तिला शब्द दिला होता की तुझा डाग मी घेणार नाही. हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. जगात एका ठिकाणी आपला गाल स्वच्छ आहे, एवढ्यावर मी निभावलं, म्हणाली. मग रुमाल काढून चप्पल पुसत बसली. चपलेला काही लागलं नव्हतं.

आई, मला फक्त ‘नाही’ म्हणायला हवं होतं. आणि ते खरं होतं. मी तिथेच सांगायला गेलो, तर ती म्हणाली, आता समजूत घालू नकोस, मोजून सांगितलंस ना. मी तिला वेगळं पत्र लिहीन. कागदावर लिहिलेलं तिला पटेल. ते तिला वाचून दाखव. एवढं कर.

तुझा,
मोजपट्टी


२९ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचली असशील. इथे हवा बरी आहे.

मावशी, मी चुकलो. काल साफसफाईसाठी शिडी लावली होती. मी मुकादमांना विचारून वर चढलो आणि हातभर अंतरावरून चित्र पाहिलं. डाग नाही. खालून काचेवर उजेड पडतो, त्यालाच मी डाग समजलो. गाल अगदी स्वच्छ आहे. चित्रकाराने शब्द पाळला. मी शपथेवर लिहितो.

डोळ्यांत औषध वेळेवर घाल. माझ्यावर माया राहू दे.
तुझा,
मोजपट्टी


५ एप्रिल

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

मावशीला लिहिलेलं पत्र पोचलं. काचेची युक्ती चांगली काढलीस. तुला खोटं बोलता येत नाही असं मी उगाच समजत होते.

ती आल्यापासून घर शांत आहे. चित्राचं नाव नाही, डागाचं नाव नाही. भाजीवाल्याने चित्रवाल्या बाई म्हणून हाक मारली तर तिने मान वर केली नाही. परवा दूध उतू गेलं. मी तिच्याकडे पाहत थांबले. तिने फडकं घेतलं आणि ओटा पुसला. मला फक्त तिचा चेहरा काढून घ्यायचा होता, तू तर तिला तिचा डाग नेऊन दिलास. मला हे जमलं नसतं.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. सुखरूप पोचली असशील, हवा बरी आहे, औषध वेळेवर घाल, माया राहू दे. ती जवळ सरकून बसली होती. संपल्यावर म्हणाली की चित्राबद्दल काही लिहिलंय का बघ. मी कागद उलटा करून पाहिला आणि नाही म्हणाले.

आता पुन्हा लिहू नकोस, वाचणारी मीच आहे. अक्षर मात्र सुरेख होतं. एक काना, एक मात्रा चुकलेली नाही.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी आई