मिर्तोचा गरुड

अँटिकिथेरा, २६ सप्टेंबर

लाडक्या इव्हान्थियाताई,

माझा खोकला गेला, काळजी करू नकोस. आई डोळ्यांत थेंब घालू देते का?

यंदा बेटावरून स्थलांतर करणारे पक्षी भरपूर आहेत, पण मोजणीत सगळे आधी मिर्तोलाच दिसतात. नवखी पोर, येऊन आठच दिवस झालेत. मी बारा वर्षं येतेय! परवा टेकडीवर ती ओरडली, "ठिपकेवाला गरुड!" मी दुर्बीण लावली. खरंच तोच होता. मला इथे तो कधीच दिसला नव्हता. तरी सगळ्यांसमोर म्हणाले, "नेहमीचा सापमार गरुड आहे गं. नवख्यांचं असंच होतं."

तिने वहीतलं नाव खोडलं. "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार, मावशी."

तिचा तो विश्वास मला दोन दिवस टोचत राहिला. आज सकाळी कॉफी पिताना सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मिर्तो बरोबर होती. मी जळले, म्हणून खोटं बोलले."

ती चिडेल असं वाटलं होतं. पण तिचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्हीही पाहिलात! काय सुंदर होता ना?"

तुला खरं सांगते, ताई. नाव तेवढं ओळखलं होतं. डोळे भरून बघायचं राहूनच गेलं.

आईचा पापा घे.

तुझी,
स्तामातिया