न तळलेलं आइस्क्रीम

ताई,

चिठ्ठी दाराला बाहेरूनच चिकटवतेय. आत जाण्याआधी वाच.

बाबांनी तळलेल्या आइस्क्रीमचा हट्टच धरला होता. डॉक्टरांनी तळकट बंद केलंय, म्हणून मी कॉर्नफ्लेक्स चुरून चमचाभर लोण्यावर खरपूस परतले, दालचिनी घातली, आइस्क्रीमचे घट्ट गोळे त्यात घोळवून परत फ्रीजरमध्ये ठेवले. बाबा तेव्हा झोपले होते. मी अंघोळीला गेले, तर स्वयंपाकघरातून कुरुमकुरुम आवाज. वाटलं, बाबांना दम निघाला नाही. बाहेर येऊन बघते तर ते घोरतायत, आणि ओट्यावर एक वाटी चाटूनपुसून रिकामी.

उठल्यावर आपणहून म्हणाले, "तुझ्या आईला आवडलं गं. तळलेलं नाही हे कळलंसुद्धा नाही म्हणाली. फक्त दालचिनी जरा जास्त झाली."

दालचिनीचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आईला जाऊन वर्ष होत आलं, ताई.

आत्याकडे चला म्हटलं, तर म्हणतात, "तिला एकटीला टाकून कसा येऊ?" आणि कितीतरी महिन्यांनी हसले. त्यांना ओढून न्यायचा धीर झाला नाही. मी आत्यालाच घेऊन येते, तोवर तू पायरीवरच थांब. बेल वाजवू नकोस. दार बाबाच उघडतील असं नाही.

तुझी धाकटी