ग्रहणात टाकलेलं तुळशीचं पान

मुदखेड, शनिवार, सांज

बियरच्या बाटल्यांची बुचं पन्नास आली, एकशे ऐंशी रुपये. आता लावू कशाला?

आमच्या विलासनं बहिणीच्या हळदीसाठी काळ्या भाजलेल्या जवाची बियर घरीच आंबायला घातली होती. बापाशी चार वर्षांचा अबोला, पण त्या दिवशी दोघांनी मिळून पातेलं ढवळलं. पुण्याला निघताना म्हणाला, “आई, झाकण उघडू नको.”

ग्रहण लागलं अन् मी उघडलं. सगळ्या अन्नात तुळस टाकते, तशी त्यातही टाकली. आज वर पांढरी साय, वास आंबट.

हे म्हणाले, “तुझ्या देवाला पाजलीस व्हय?”

विलास फोनवर म्हणाला, “मग मी येऊन काय करू?” तेव्हापासून उचलत न्हाई.

झाकण का उघडलं मी?

त्याला कार्ड लिहिलंय, “बुचं जपून ठेवलीत. हळदीला येतोस का, एवढं उलट टपाली कळव, बाबा.”